वलांडी धरायला दोघं लागतात

आई, तुझी वलांडी परवा मला बातम्यांत दिसली. कळंबच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायला आपण बांबू बांधायचो ती नव्हे, तिच्या जागी आता रविवारच्या पाहुण्यांच्या गाड्या लागतात. तुझी ती युक्ती दिसली. ताईचा नवरा तू पाहिला नाहीस, लग्न तू गेल्यावर झालं. गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, समुद्रात हद्दीची काय रेघ मारलेली असते, बोट पलीकडे गेली आणि पलीकडच्या देशाने सगळ्यांना धरून तुरुंगात टाकलं. शिक्षा भोगून झाली आहे. पण सोडवायचं तर दोन्ही सरकारांनी बोलायला हवं, आणि आधी कोणी बोलायचं यावर सगळं अडलंय. एक तिसरा देश मध्ये पडून त्यांना पुन्हा बोलणीला बसवायला बघतोय. ताई रोज फोन करते आणि एवढंच विचारते, "बसले काय रे?" बातम्या मी वाचायच्या, कारण तिच्या मते घरात रिकामा मीच. खरं तर सध्या निर्मळहून केळी भरून फुलपाड्याला टेम्पो मारतो, त्याआधी गोव्यात होतो, त्याआधी, जाऊ दे, ते वेगळंच रामायण आहे.

तुझी युक्ती आठवते ना? समुद्रात खुंटांना बांधायच्या डोलजाळ्याच्या जागेवरून काका आणि खालच्या आळीतला नाखवा यांचं एकमेकांशी बोलणं तेव्हा वर्षभर बंद होतं. एकाची बोट भर पाण्यात बंद पडली तर दुसऱ्याने दोरी टाकली नाही, इथवर गेलेलं. गावकीने बोलावलं तर दोघांचं एकच उत्तर, पयला तो येऊ दे. तू बोलणी करायला कुणाला बोलावलंच नाहीस. दोन्ही घरी वेगवेगळा निरोप धाडलास, माझी वलांडी पडलीय, बांबू धरायला मानूस पायजे. एकट्या बाईच्या बांबूला नाही कोण म्हणणार? आणि आडवा बांबू दोन्ही टोकांनी एकदम उचलावा लागतो. मला अजून दिसतंय, दोघं दोन टोकांना, माना समुद्राकडे. काका म्हणतो, "ही काय गाठ हाय? म्हशीला बांधतोस काय?" नाखवा म्हणतो, "म्हस बरी, गप तरी रवते." तू सुपारी कातरत म्हणतेस, "चला, जिभा हायत अजून दोघांना."

बांबू बांधून झाला तसे दोघं आपापल्या वाटेने गेले. मला वाटलं, फिसकटलं. सकाळी बघतो तर तू स्वतःच त्या गाठी सैल करत होतीस. मी म्हटलं, "त्यांना कळेल ना." तू म्हणालीस, "कळू दे की. कळून येतील तवाच खरं." आले. पुढच्या खेपेला तर नाखवाच विचारायला आला, वैनी, वलांडी नीट हाय ना? कोणी कुठल्या भरतीला जाळं लावायचं, ते त्या दिवशी उभ्या उभ्या ठरलं.

तर परवाची बातमी. त्या तिसऱ्या देशाने समुद्रातल्या वादळांची आगाऊ सूचना कशी द्यायची यावर बैठक ठेवली. दोन्ही सरकारांनी जाहीर केलं, आमचा माणूस जाईल, पण त्यांच्याशी बोलणार नाही. मी टेम्पो बाजूला लावून हसत बसलो. ताईला फोन केला तर ती वैतागली, "हसतोस काय? बोलनार नाय म्हनतायत ते." मी म्हटलं, "अगं, न बोलायला कोण एवढ्या लांब जातं?" बैठक झाली. दोघांनी हात मिळवले नाहीत, चहाही वेगळ्या टेबलांवर घेतला. पण शेवटी पुढची बैठक ठरली, तीही वादळांवरच, आणि दोघंही हो म्हणाले. टीव्हीवरचे शहाणे म्हणतात, निष्पन्न काहीच नाही. त्यांनी बोंबील फक्त ताटातच पाहिलेला असणार. मला विचारशील तर ते बसणार. मला यात शंका नाही.

ताईने विचारलं, "गनपतीला हे येतील रे घरी?" मी म्हटलं, "येतील." तिने दुसऱ्याच दिवशी घराला रंग काढायला घेतला, नवऱ्याला आवडतो तो फिकट हिरवा. एक भिंत झालीसुद्धा, उरलेल्या तिन्ही माझ्या गळ्यात. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा लिहून टाकतो. त्या बातमीत पकडलेल्या खलाशांबद्दल एक अक्षरही नव्हतं. हे मी ताईला सांगितलेलं नाही.