धाकट्याला कायमची मनाई

ती. ताईस,

वादीचा (म्हणजे माझाच, इतकी वर्षं दावा चालला की सवय झाली आहे) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? फार विचारत बसत नाही, कारण बातमी पोटात मावत नाहीये. ताई, आपण जिंकलो! (आपण म्हणजे मी. धाकटा हरला.) आमच्या दोन घरांमधला तो बोळ, ज्यात धड सायकल वळत नाही, त्याचा ताबा माझाच, असं कोर्टाने मान्य केलं आणि धाकट्याला कायमची मनाई केली.

हुकुमाची भाषा ऐकण्यासारखी आहे. धाकट्याने स्वतः किंवा कुणामार्फत माझ्या ताब्यात हरकत, अडथळा अगर ढवळाढवळ करायची नाही. वकीलसाहेब तेवढ्यावरच थांबत होते. पण मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस, खाचाखोचा मला विचाराव्यात. 'बोळातील कोणत्याही वस्तूस हात लावू नये आणि वादीच्या कामात न मागता सल्ला देऊ नये' हे मी हट्टाने दाव्यात घालायला लावलं, आणि तेही मंजूर झालं. (ते वाचताना न्यायाधीश हसले, असं धाकट्याची बायको सगळीकडे सांगत फिरते. ते चष्मा पुसत होते.)

आणि हुकूम काय लागू पडलाय म्हणतेस! दुसऱ्याच दिवशी जरा ताबा गाजवावा म्हणून मी बोळात शिडी लावली आणि गळका पत्रा ठोकायला वर चढलो. शिडी घसरली आणि आडवी झाली. धाकटा त्याच्या ओट्यावर दाढी करत बसला होता. गवंडी माणूस, सगळा जन्म शिड्यांवर गेलेला. एरवी आधी मला गाढव म्हणाला असता आणि मग शिडी उभी केली असती. या वेळी त्याने शिडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "दादा, शिडी तुझ्या ताब्यात आहे. मी हात लावला तर ढवळाढवळ होईल." आणि राहिलेला अर्धा गाल करायला घेतला. कोर्टाचा केवढा हा धाक! मी पत्र्यावर बसून न्यायव्यवस्थेचं कौतुक करत राहिलो. ऊन चढलं, पत्रा तापला, तेव्हा तेच कौतुक उभ्याने केलं. शेवटी तुझी भावजय बाजारातून आली तेव्हा खाली उतरलो. उतरताना ती जे बोलली ते कुठल्याच कलमात बसत नाही.

तेव्हापासून सगळं कसं शांत. पाण्यावरून, केरावरून, माझ्या मोठ्या आवाजातल्या रेडिओवरून पलीकडून एक शब्द येत नाही. मी मुद्दाम त्याच्या दारापुढे केर लोटून पाहिला, त्याने मुकाट्याने भरून नेला. मग मी स्वतःच्या हाताने बोळात भिंत रचायला घेतली, ओळंबाबिळंबा न लावता. ती वाकडी होत चाललेली पाहूनही गडी गप्प. (त्या दिवशी तो जेवला नाही, असं कानावर आलं.) विजय म्हणतात तो हाच. मी अगदी मजेत आहे, काळजी नसावी.

बोळ माझ्याकडे राहिला आहे, तुझा लोभही राहावा.

तुझा,
मधला

ता. क. काल भिंत पडली. कुणाला लागलं नाही. धाकटा पलीकडेच उभा होता. त्याने तोंड उघडलं, मला वाटलं आता बोलतो. नाही बोलला. ताई, मला फार वाईट वाटलं गं.

आणखी एक ता. क. तुला हे कधी कळवलं नव्हतं. तारखेला आम्ही दोघं त्याच्याच स्कूटरवर कोर्टात जायचो. प्रतिवादी पुढे आणि वादी मागे, दोघांच्या फायली मांडीवर घेऊन. पुकारा होईपर्यंत कॅन्टीनमध्ये चहा, येताना वाटभर भांडण. आता तारखाच नाहीत. तू म्हणशील, आपण होऊन त्याच्या दाराशी जा. पण जिंकलेल्या माणसाने जायचं कसं? तेव्हा खरं काम असं आहे. तूही बाबांची वारस आहेस. बोळावर हक्क सांग आणि आम्हा दोघांवर दावा लाव, म्हणजे आम्ही दोघंही प्रतिवादी होऊ. दावा मीच लिहून देतो, तू नुसती सही कर. फक्त लवकर जिंकू नकोस.