फाटल्या गुलमोहराखाली

मामंजी,

तुमाला वाचाया येत नव्हतं आन मला धड लिवाया येत न्हाई, तवा ह्या कागदानं कुणाचं काय बिघडायचं न्हाई. तुमी जाऊन इतकी वरसं झाली की तुमच्या नातवाचे केस पांढरे व्हाया लागले. त्या नातवाचंच सांगायचंय. परवा त्यानं आन त्याच्या दोस्तांनी अंगणातलं मोडलेलं झाड उतरवलं. उतरवलं म्हणती, पण तुमी ते बगितलं आसतं तर तितंच थुकला आसता. मला आजून शिसारी येतीय. भाकरी तोंडात नुसती फिरतीय.

झाड कसलं, तर गुलमोहर. नवं घर बांधलं, स्लॅब टाकला, तवा तुमच्या नातवानं दारातला हिरडा काढला आन त्याच्या जागी गुलमोहर लावला. का, तर लाल फुलं येत्यात, फोटूत चांगलं दिसतंय. म्या तवाच म्हणलं, आरं हे लाकूड न्हाई, नुसता भुसा हाय, डोंगरावरच्या वाऱ्याला टिकायचं न्हाई. तर म्हणाला, "आई, तुला शोभा कळत न्हाई." शोभा! ह्या वळवाच्या वाऱ्यानं ती शोभा मधोमध चिरली. अर्धं खोड उभं, अर्धं गोठ्याच्या पत्र्यावर कललेलं, आन त्याचा शेंडा शेजारच्या आंब्यात अडकलेला. खाली गोठा, बाजूला न्हाणी. तीन दिवस ते धूड तसंच लटकत व्हतं आन तीन दिवस समदी त्याच्याखालनं आंघोळीला जात व्हती. "पडायचं आसतं तर तवाच पडलं आसतं," माझा ल्योक म्हणतोय, दात कोरत कोरत. पन्नाशीचा बाप्या. सुनेनं गुपचूप गाया सोडल्या आन लांब चिंचेखाली नेऊन बांधल्या, तर तिच्यावरच खेकसला, "आता श्याण तितनं वाहून आण, डोक्यावर." म्या बी म्हणलं, मोठी शानी लागून गेली. ते का म्हणलं कुणास ठाव. गाया हलवाया पायजे व्हत्या हे मलाबी कळत व्हतं. पण मला सुचायच्या आदी तिला सुचलं, ते मला खपलं न्हाई.

तुमी आसता तर आदी बसला आसता. वेल्ह्याच्या वरल्या वाड्यांवर कुणाच्या छपरावर झाड कललं की तुमाला सांगावा यायचा, आन तुमी तितं जाऊन पहिलं काम काय करायचा, तर तमाखू मळत बसायचा. घरातल्या बाया चिडायच्या. "बुवा, झाड तोडाया बोलवलंय का बगाया?" तुमी हूं न्हाई का चूं न्हाई. झाडाभवती दोन येढे मारायचा, कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोकायचा, बद्द वाजलं की समजायचं आतनं पोकळ हाय. कुठली फांदी कशावर रेललीय, कुठल्या फांदीनं समदा भार पेललाय, ते बगायचा. मग झाडापासनं लांब जायाची वाट पायानं साफ करायचा, दगड न् दगड, काटकी न् काटकी. पोरंसोरं, म्हातारी माणसं, कोंबड्या, समदी घरामागं धाडायचा. बारक्या फांद्या आदी, बुंधा शेवटी. वाकलेली फांदी आसंल तर तिच्या पोटाला थोडं कापायचं, मग पाठीला, आन आपण उभं ऱ्हायचं ते ती जिकडं उसळल त्याच्या उलट्या अंगाला. लोक तुमाला आळशी म्हणायचे. तुमी कधी कुणाचं कौल फोडलं न्हाई.

मला हे ठाव, कारण फांदीला बांधलेला दोर माझ्या हातात आसायचा. तुमचा ल्योक, माझा घरधनी, तवा पुण्याला कंपनीत. दुसरं कुणी हाताशी न्हाई, म्हणून तुमी सुनेला न्यायला लागला. गाव हसायचं, सासू म्हणून आत्याबाई कपाळ बडवायच्या, "सुनंला झाडं तोडाया नेतोय, उद्या नांगराला जुपंल." तुमी ऐकलं न्हाई. पण रीत बी मोडली न्हाई. सुनेनं सासऱ्याम्होरं तोंड उघडायचं न्हाई, सासऱ्यानं सुनेकडं बगायचं न्हाई. मग काम व्हायचं कसं? तुमी झाडाकडं तोंड करून बोलायचा, "ज्यानं दोर धरलाय त्यानं जरा चढाला सरकावं." ज्यानं! मी पदर दातात धरून चढाला सरकायची आन दोराला एक हिसका द्यायची, म्हणजे सरकले. आसं दोन वरसं आपण दोघांनी काम केलं, एकमेकाला एक सबूद न बोलता. आता कुणाला सांगितलं तर हसत्यात. मलाबी हसू येतंय, पण ते चांगलं हसू न्हाई.

मग तो धनगरवाड्यावरचा दिवस. लांब वर, बाजूला तोरणा दिसतोय, आन एका झापाच्या गवती छपरावर जांभळीचं झाड आडवं झालेलं. जांभळीचं लाकूड किती ठिसूळ ते तुमीच सांगितलं व्हतं, म्हणजे झाडाला सांगितलं व्हतं, मी ऐकलं. वाड्यावरचे पंधरा-वीस बापे जमल्यात. तुमी वरच्या अंगाला उभे हाय, कुऱ्हाड चाललीय, आन तुमच्या पाठीमागं एक मोठी फांदी खोडाखाली दबून पिरगाळलीय. तुमाला ती दिसत न्हाई. मला दिसतीय. तिची साल उभी फाटत चाललीय, आतलं पांढरं लाकूड दिसाया लागलंय. मला हाक मारायचीय. पण काय म्हणून मारू? तुमाला हाक म्या जन्मात मारली नव्हती. एवढ्या बाप्यांम्होरं सुनेनं सासऱ्याला वरडायचं? माझ्या तोंडातला पदर तोंडातच. म्या दोराला हिसके दिले, लागोपाठ, दहा-बारा. तुमाला वाटलं दोर कुठंतरी अडकला. तुमी दोराकडं बगितलं, मागं बगितलं न्हाई. आन ती फांदी सुटली.

पाय दोन जागी मोडला. घोंगडीची झोळी करून चौघांनी तुमाला खाली रस्त्यापतूर आणलं, तितनं टेम्पोत घालून भोरच्या दवाखान्यात. मी झोळीच्या बाजूनं पळत व्हते. तवा तुमी पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बोलला. घामानं डबडबलेला, ओठ निळे पडलेले. "तोंड शिवलंय का तुझं? झाडाखाली कुणी सासरा नसतो, कुणी सून नसती. झाडाखाली नुसती माणसं आसत्यात. दिसलं की वरडायचं." मी रडत व्हते. तुमी म्हणला, "रडू नगं. रडून काय पाय सरळ व्हतोय?" आन घरी आल्यावर आत्याबाईंनी इचारलं, गावानं इचारलं, कसं झालं, तर तुमी समद्यांना एकच सांगितलं, "माझीच नजर चुकली." मला दिसलं व्हतं, हे तुमी मरेपतूर कुणाला सांगितलं न्हाई. पाय आखूड झाला, लंगडत चालला, पण न्हाई सांगितलं.

त्या दिसापासनं माझं तोंड सुटलं. ते कसं सुटलं ते गावाला इचारा. बस थांबली न्हाई तर डायवरला, पंचायतीतल्यांना, घरधन्याला, ल्योकाला, म्या कुणाला सोडलं न्हाई. आन सगळ्यात जास्ती कुणाला म्हणाल, तर सुनेला. ती ह्या घरात आली त्या दिसापासनं. "तुला काय कळतंय, गप बस." हे म्या किती येळा म्हणलं आसंल, त्याला मापच न्हाई.

आता परवाचं ऐका. माझा ल्योक, एक ट्रॅक्टरवाला दोस्त, एक मोबाईल धरून फोटू काढणारा, आन बगायला आलेले सात-आठ. कुणीतरी झाड कापायची मशीन आणलेली, ती चालवली कुणीच न्हाई ह्याआदी. "मोबाईलवर बगितलंय समदं," ल्योक म्हणाला. शिडी टेकवली, तर कशाला टेकवली? जे खोड कापायचं त्यालाच, आन माझा ल्योक मशीन घेऊन तिच्यावर चढला! दोर बांधला ट्रॅक्टरला, तो ट्रॅक्टर आंब्याच्या उलट्या दिशेला ओढतोय, म्हणजे खोड आनखीच ताणतंय. पळायला वाट न्हाई, खाली मोडक्या फांद्यांचा कचरा, त्यात चहाचे पेले. कुणी झाडाकडं बगितलं न्हाई, समदी मोबाईलकडं बगत्यात. "दोन-दोन चहा पाठवा," आसं वरनं फर्मान. मी ओट्यावर बसून वरडतीय. पहिलं श्यान खाल्लं कुणी, तुमाला जलम कुणी दिला, तुमच्या बापानं कधी कुऱ्हाड बगितली का, आसलं समदं. शिव्या देऊन देऊन घसा बसला. पण कोण ऐकतंय? माझं बोलणं म्हणजे घरात पंखा चालू आसल्यागत. चालू हाय म्हणून कुणी वर बगत न्हाई.

तेवढ्यात सून चहाचं ताट घेऊन माझ्यापाशी थांबली. हळूच म्हणाली, "आत्या, ते खोड खालनं फाटतंय."

म्या म्हणलं, "गप बस. तुला काय कळतंय? चहा दे जा, गार व्हईल."

मामंजी, मला ते दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, उजव्यानं धुरकट. माणसं, शिडी, ट्रॅक्टर तेवढं वळखू येत व्हतं, झाड म्हणजे नुसता हिरवा ढीग. सकाळपासनं मी वरडत व्हते ते माणसांवर, झाडावर न्हाई. झाड मला दिसतच न्हाई हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आन तिला तर मुळीच न्हाई.

ती तितनं दोन पावलं म्होरं गेली आन वरडली, "आवो, खाली या!" मशीनीच्या आवाजात काय ऐकू जातंय? परत वरडली, "ए गाढवा! मरशील, उतर खाली!" नवऱ्याला, गावाम्होरं, गाढव. तरी त्याचं ध्यान न्हाई. मग तिनं ताटातला इस्टीलचा पेला उचलला, चहानं भरलेला, आन दिला भिरकावून. बसला नेमका त्याच्या कानावर. पाठीवर कडकडीत चहा. मशीन बंद झाली, तुमचा नातू शिव्या देत शिडीवरनं उतरला आन हात उगारून तिच्याकडं निघाला. पाच-सहा पावलं आला आसंल. ट्रॅक्टरवाल्याला काय पत्ताच न्हाई, तो आपला ओढतोय. मागं एकदम कापड फाडल्यागत आवाज झाला. खोड उभंच्या उभं फाटलं, बुंधा वर उसळला, शिडी गोठ्यावर जाऊन पडली आन तिचे दोन तुकडे. पत्रा आत चेपला. गाया तिथं नव्हत्या म्हणून. माझ्या ल्योकाचा हात आजून वरच. धड गेलं आसतं, पण बायकूवर उगारलेला हात काय खाली यायला तयार न्हाई.

आन मी काय बोलले? समदी गप झाली व्हती, मोबाईलवाला बी. त्या शांततेत माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. म्या म्हणलं, "नवऱ्याला पेला फेकून मारती? लाज वाटत न्हाई?"

तिनं माझ्याकडं बगितलं. खाली वाकून पेले गोळा केले, धुवायला घेऊन गेली. संध्याकाळी पारावर माझा ल्योक सांगत व्हता, आई सकाळपासनं सारखी वरडत व्हती, तिचं ऐकाया पायजे व्हतं, तिच्यामुळं वाचलो. दुसऱ्या दिशी शेजारीण येऊन म्हणाली, "म्हातारे, ह्या वयात काय नजर हाय तुझी!" म्या नुसती मान डोलावली. एवढी वरसं जे तोंड बंद झालं न्हाई, ते नेमकं तवा बंद झालं. तुमी पाय मोडून घेतला आन माझी चूक झाकली. माझ्या अंगाला तर ओरखडा नव्हता, आन म्या तिचं शानपण झाकलं. ल्योकाची किळस येतीय, त्याच्या दोस्तांची येतीय, पण हे समदं लिवून झाल्यावर बगते तर सगळ्यात जास्ती किळस येतीय ती माझीच.

हा कागद कुणाला द्यायचा न्हाई, कुणाकडनं वाचून घ्यायचा न्हाई. चुलीत टाकीन न्हायतर ठेवीन, आजून ठरवलं न्हाई. खरं तर हे तुमाला सांगायचंच नव्हतं. जिला सांगायचंय ती हितनं दहा पावलांवर बसून त्या गुलमोहराच्या फांद्या कोयत्यानं तोडून मोळ्या बांधतीय. मला तिची भीती वाटतीय, मामंजी. लिवता लिवता दोनदा उठून तिच्यापाशी गेले. पहिल्यांदा म्हणलं, मोळी नीट आवळ. दुसऱ्यांदा म्हणलं, आवळली का. आवळली व्हती.