लाल रेघ आणि दुपट्टा

अहो सर,

घरात तुम्हाला ‘अहो’ म्हणायची आणि क्लासात ‘सर’. आज दोन्ही एकदम म्हणते, कारण बातमीही दोघांना सांगायची आहे. दुपारी शाळेतून गुणपत्रिका आणली. दहावीचा इंग्रजीचा पेपर सुटला! लग्नाआधी दोनदा आपटलेली तुमची बायको या वयात मॅट्रिक झाली. आणि हे ऐकायला तुम्ही नाही. असं कुणी करतं का?

माणसांची ये-जा थांबल्यावर तुमच्या फोटोसमोर बसले आणि लिहायला घेतलं. चूल तशीच आहे. आज उशिरा जेवलं तर काही बिघडत नाही.

आठवतं, इंग्रजी टाइपिंगच्या क्लाससाठी यवतमाळहून ते दोन जुने कॉम्प्युटर आणले तेव्हा आख्खं बाभुळगाव बघायला लोटलं होतं? तुम्ही केवढा सोवळा कारभार मांडलात! चपला बाहेर, हातपाय धुऊन आत. त्या वर्षी चांगला भाव यायची वाट बघत घरोघरी कापूस पडून होता, लोक त्यावरच झोपत. पोरी क्लासला यायच्या त्या केसांत धागे घेऊन. तुम्ही दारातच अडवायचे, “आधी डोकं झटका, मंग मशीनले हात लावा.” शेतात काही उरत नाही म्हणून बापांनी पोरींना तुमच्याकडे धाडलं होतं, आणि तुम्ही त्यांची डोकी झटकत होता!

आणि ती लाल रेघ. इंग्रजी शब्द चुकला की पडद्यावर त्याच्याखाली उमटणारी. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ती बंद करून टाकली. “हे कुबडी हाये. टाइपरायटरवर कोन सांगत होतं चूक?” अहो, तुमचं आयुष्य टाइपरायटरवर गेलं. तिथे चूक म्हणजे चूक, कागद फाडा, पुन्हा घाला. तुम्हाला ते मशीन लाडावलेलं वाटलं.

क्लासातही एकमत कुठे होतं? कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेले वासुदेवभाऊ म्हणायचे, “मले शिकाचं कायले? चूक मशीनच दुरुस्त करते ना! माहा अर्ज साफ निघाला म्हणजे झालं.” तांड्यावरून सायकल हाणत येणारी काजल नेमकी उलटी. “सर, मले तुमीच पाह्यजे. मशीन चुकलं म्हणते, पन काहून चुकलं ते नाही सांगत.” तेव्हा तुमच्या मिशा कशा फुलल्या होत्या, मी चहा गाळता गाळता बघितलं.

माझं मत मात्र तुम्ही कधी विचारलं नाही. चहावालीला कोण विचारतं?

तुम्ही जेवून पडलात की मी क्लासात जायची. कुठल्या यादीत जाऊन ती रेघ चालू करायची हे वासुदेवभाऊंकडून शिकून घेतलं होतं. भारनियमनातून जो काही वेळ वीज असेल तेवढा वेळ मी, मशीन आणि घरघरणारा पंखा. काय सुख होतं ते! शब्द लिहायचा, लाल झाला तर पुन्हा लिहायचा. ना कुणी भुवया उंचावतंय, ना कुणी खाकरतंय.

एकदा तुमची झोप लवकर मोडली. मी ‘आमचं शेत’ या विषयावर लिहीत होते. शब्द लाल झाला की मशीन जी यादी दाखवतं, त्यातला पहिलाच उचलायचा असा माझा तेव्हाचा खाक्या. तुम्ही मागून येऊन वाचलं आणि खुर्चीला धरून हसत सुटलात. ‘कॉटन’चं ‘किटन’ झालं होतं; आमच्या वावरात म्हणे मांजरीची पिल्लं पिकतात, आणि ती आम्ही वेचून बैलगाडीत भरतो! मीही हसले. हसता हसता तुम्ही विचारलं, “रोज बसते तू अठी? काहून? मले विचारलं असतं.”

मी म्हटलं, “मशीन चूक दाखवते, पन चार पोरींत वाचून नाही दाखवत.”

तुमचं हसू तिथेच थांबलं. वाईट वाटलं का हो तेव्हा? मला लगेच वाटलं की जरा जास्तच बोलले. पण खोटं नव्हतं. तुम्ही चुकलेले कागद उंच धरून मोठ्यानं वाचायचे. सगळे हसायचे, आणि ज्याचा कागद असेल तो दुसऱ्या दिवशी यायचाच नाही. तुम्हाला वाटायचं, पोरं आळशी आहेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एकही कागद वाचून दाखवला नाही. मला त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. नवरे असेच असतात, चूक कबूल करतील तर शपथ! पण रेघ चालू केलीत, आणि वर तुमची टाइपिंगची शिस्त लावलीतच. टाइपरायटरवर बोटं दिसू नयेत म्हणून तुम्ही पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे ना? तसा खांद्यावरचा दुपट्टा काढून थेट पडद्यावर टाकलात. “आता लिहा. आंधळ्यानं लिहा. झालं की दुपट्टा काढा, लाल पाहा, अन् मशीनले विचाराच्या आधी सोताले विचारा.”

काजल म्हणाली, “सर, पडद्याचं बटन बंद केलं तं होते ना, दुपट्टा कायले?”

“घडीघडी बटन दाबलं का मशीन जळते,” तुम्ही ठोकून दिलंत. खरं होतं का ते? मला अजून माहीत नाही.

पण मजा बघा, रेघेचे आणि सरांचे असे दोन्ही पक्ष त्या दुपट्ट्याखाली गप बसले. काजलला कारण शोधायला वेळ मिळाला. वासुदेवभाऊ कुरकुरत का होईना, शिकले. आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा माझा फॉर्म तुम्हीच भरलात, मला न विचारता. “हॉलमधी मशीन नाही राहत, मंग पाहू तू काय शिकली ते.” मला आव्हान देऊन पोळ्याच्या आधी तुम्ही निघून गेलात. छातीत कळ आली, आणि संपलं. अशी पैज कुणी अर्ध्यावर सोडतं का हो?

तेरवी झाली आणि रमेशभाऊजींनी विषय काढला. तुमचा धाकटा भाऊ वाईट नाही, हिशेबी आहे. म्हणाले, “वहिनी, क्लास मॅट्रिक पास मानसाच्याच नावावर चालते. खोली खताच्या दुकानाले देऊन टाकू.” मी म्हटलं, “माहा निकाल लागू द्या.” पण तेवढ्यात दुकानवाला दोनदा येऊन खोली मोजून गेला. मी आत भाकरी थापत होते, तव्यावरची करपेपर्यंत.

परीक्षेला तुम्ही नव्हता, मशीन नव्हतं. निबंध लिहिला, त्यावर पॅड ठेवलं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग पॅड काढून तो कागद दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाचला. आणि सर, खरं सांगते, दोन शब्द मला लाल दिसले! कागदावर काही नव्हतं, तरी दिसले. मी ते नीट केले. त्या क्षणी तुम्ही इतके आठवलात की पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, “पाणी हवं का?”

आज गुणपत्रिका रमेशभाऊजींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून-पालटून पाहिली. मग म्हणाले, “दुकानवाल्याले नाही म्हनून सांगतो.” चहा न घेताच गेले. तिठ्यावर त्यांनीच लोकांना सांगितलं असणार, कारण घटकाभरात काजल पेढे घेऊन दारात हजर!

उद्या सकाळी सातची बॅच आहे. तुमची ती हात असलेली लाकडी खुर्ची इतकी वर्षं मी रोज पुसली, कधी टेकले नाही. उद्या बसणार आहे. रागावू नका, आणि रागावलात तरी उठणार नाही. वचन देते, या खोलीतून कुणीही आपली चूक लपवत घरी जाणार नाही, आणि क्लास कापसाला भाव असो-नसो चालू राहील.

तुमची,
घरातली शोभा,
उद्यापासून शोभा मॅडम