फाटकासमोर झाडू नकोस

कल्पना करा, तुमच्या आजीचा नियम आहे: शाळेतून आल्यावर फाटकासमोरचं झाडायचं, मगच घरात पाऊल टाकायचं. ठमीच्या आजीचा हाच नियम होता, आणि ठमीने आजही तसंच केलं. मग स्वयंपाकघरात तिला आजोबांची चिठ्ठी दिसली.

"ठमाबाई, घाबरू नकोस. आजीला फाटकासमोर एका गाडीने उडवलं आणि गाडीवाला न थांबताच पळाला. मी तिच्याजवळ इस्पितळात आहे. ती बोलली, पण थोडंच. जेवायला शेजारच्या काकूंकडे जा. गाडी कोणीच नीट पाहिली नाही. तिच्या फुटक्या दिव्याच्या पिवळ्या काचा तेवढ्या रस्त्यावर आहेत. पोलीस संध्याकाळी येऊन त्या नेतील, त्यांवरून गाडी सापडू शकते. म्हणून आज झाडू नकोस. आजी रागवेल ही भीती सोड. आज ती रागवली, तर मला बरंच वाटेल."

ठमीच्या हातात अजून झाडू होता.

तिने तो भिंतीला टेकवला. मागच्या दारी जाऊन वर्तमानपत्र पसरलं, केराचा डबा त्यावर उपडा केला आणि पालापाचोळ्यातून एकेक पिवळा तुकडा ती जपून बाजूला ठेवू लागली.