अद्याप सक्षम नाही

गुरुवार, ६ मार्च

चि. ढब्बूस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. (तू शिक्षण खात्यात अधिकारी आहेस, दारावर पाटी आहे, शिपाई तुला मॅडम म्हणतो, हे सगळं मला ठाऊक आहे. पण ढब्बू हे नाव मी ठेवलंय आणि ते रद्द करण्याचा अर्ज अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही.)

मंगळवार, चार मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. ही वेळ आधी कुठेतरी टिपून ठेव, मग खुशाली. तुझी मान कशी आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? तुझ्या लेकीचे, आमच्या मुंगीचे, पुढचे दात आले का? माझं विचारशील तर गुडघा बरा आहे, आणि रक्तदाब वर दिलेल्या वेळेपर्यंत उत्तम होता. त्या मिनिटाला सव्वीस वर्षांच्या एका मुलीने भर वर्गात माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं : लहान मुलांना संगीत शिकवण्यास अद्याप सक्षम नाही. अद्याप! मला एकाहत्तर पूर्ण झाली. अडतीस वर्षं शाळेत पियानो आणि गाणं शिकवलं, त्यानंतर सहा वर्षं दर शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात अकरा मुलांचा गायनवृंद चालवतेय. आता मी सक्षम व्हायची वाट कुणी आणि किती वर्षं बघायची आहे, ते एकदा कळू दे.

याच्या मुळाशी तुझंच खातं आहे, हे विसरू नकोस. अठरा वर्षांखालच्यांना संगीत शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे प्रशिक्षणाचा दाखला हवा, असं परिपत्रक तुमच्याकडूनच निघालं. वाचनालयाचे ग्रंथपाल ते घेऊन माझ्या घरी आले. बिचारे भिडस्त, चहा संपेपर्यंत हवापाण्यावरच बोलत होते. शेवटी जिन्यात पोचल्यावर, मी दार लावत असताना, ते म्हणाले, "बाई, एक एप्रिलपासून दाखल्याशिवाय सभागृह देता येणार नाही हो मला." म्हणजे दाखला नाही तर शनिवार नाही. ढब्बू, आठवड्यात मला सात वार आहेत, पण कामाचा तो एकच.

म्हणून गेले. पाच दिवसांचा वर्ग. दातांच्या दवाखान्याच्या शेजारची खोली, मधली भिंत इतकी पातळ की तिकडे ड्रिल सुरू झालं की इकडे सगळे गाल धरून बसत. आधी अर्ज. 'शिकवण्याचा अनुभव' या रकान्यात तीन चौकटी : एक ते तीन वर्षं, तीन ते दहा, दहाहून अधिक. माझी चव्वेचाळीस वर्षं त्या 'अधिक'मध्ये कोंबली. पदविकेची मूळ प्रत दाखवली, तर म्हणे ही संस्था यादीत नाही. कशी असेल? ती बंद पडून तीस वर्षं झाली. मी बंद पडलेली नाही, हे मी नम्रपणे सांगितलं. (नम्रपणे की नाही, यावर तिथे दोन मतं होती.)

वर्गात आम्ही नऊ जण. एक गिटारवाला, जो वर्गातही गॉगल लावून बसायचा. एक बालवाडीच्या बाई, ज्यांचे डोळे कशानेही भरून यायचे. आणि माझ्या शेजारी पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेले बँडमास्तर, सहा फूट उंच, मिशा अशा की त्यांना वेगळी खुर्ची द्यावी. त्यांचीही माझ्यासारखीच गत. वस्तीतल्या पोरांना बिगुल शिकवतात, आता म्हणे कागद आणा. प्रशिक्षिका गोड होती. इतकी गोड की तिसऱ्या वाक्याला माझे दात दुखायला लागले, आणि या खेपेला दोष शेजारच्या डॉक्टरांचा नव्हता. 'मूल चुकलं असं म्हणायचं नाही, मूल शोध घेतंय असं म्हणायचं.' मी म्हटलं, माझ्या वृंदात एक मुलगी सहा महिने शोध घेतेय, सूर काही सापडत नाही. त्यावर ती हसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला ते लिहिणं तेव्हाच आवडलं नव्हतं.

आता मंगळवार. प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं, बाकीच्या आठांनी सात वर्षांची मुलं व्हायचं. खरी मुलं परवडत नाहीत की खरी मुलं यायला तयार नाहीत, विचारून सांग. गिटारवाल्याने मूल होण्यासाठी गॉगल काढला, बालवाडीच्या बाई लगेच रडायला लागल्या, पण बँडमास्तरांनी जे मूल उभं केलं त्याला तोड नव्हती. त्यांनी बाक वाजवला. तीनदा शूला जायचं म्हणून बोट वर केलं. गिटारवाल्याच्या कानात फुंकर मारली. मी सोप्या दोन ओळींचं गाणं सांगत होते आणि हा सहा फुटी बाळ मागून कोंबड्यासारखा आरवत होता. चव्वेचाळीस वर्षांत जे तोंडून आपोआप निघत आलंय तेच निघालं. मी दाराकडे बोट केलं आणि म्हटलं, "बाहेर."

आणि तो गृहस्थ उठून खरंच गेला! नोकरीभर हुकूम ऐकलेला माणूस. ताठ चालत गेला आणि बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पुढे शिकवलं, आणि सांगते तुला, सुरेख शिकवलं. दहा मिनिटांत त्या सात ढोंगी मुलांकडून दोन आवाजांत गाणं म्हणवून घेतलं. टाळ्या पडल्या. पुढच्याची पाळी झाली, त्याच्या पुढच्याची झाली, चहा आला, बिस्किटं संपली. सव्वाअकराच्या सुमाराला दवाखान्यातली नर्स डोकावली. "ते बाहेर उभे आहेत ते तुमचे की आमचे? पाऊण तास हलत नाहीयेत. भूल दिल्याचं तर आमच्याकडे लिहिलेलं नाही."

मी विसरले होते. आम्ही सगळेच विसरलो होतो, पण बाहेर मी काढलं होतं.

मग बारा दहाला तो कागद. मी जाब विचारला. प्रशिक्षिका म्हणाली, "मॅडम, तुम्ही एका मुलाला वर्गाबाहेर काढलंत आणि परत आत घेतलं नाहीत."

"मूल?" मी म्हटलं. "त्याला दोन जावई आहेत!"

"या दहा मिनिटांपुरतं ते मूल होतं, मॅडम."

माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या संगीताच्या सिस्टर वर्षभरात अर्धा वर्ग बाहेर काढायच्या आणि कुणी त्यांना कागद दिला नाही. त्यांनी मला कधी बाहेर काढलं नाही, कारण मी कधी तोंडच उघडलं नाही. (त्याची भरपाई मी नंतर केली, हे तुझे काका सांगायचे.) वाटलं होतं निदान बँडमास्तर माझी बाजू घेतील. जिन्यात गाठलं त्यांना. म्हटलं, सांगा तिला, तुम्ही नाटक करत होतात. तर तो मिशाळ माणूस पायरीवर थांबला, रुमाल काढला आणि म्हणाला, "बाई, आधी नाटकच होतं. पण आत तुमचं गाणं रंगलं ना, ते ऐकू यायला लागलं आणि आपण त्यात नाही, म्हटल्यावर जरा गडबडलोच मी. राग नाही हं." राग नाही! ते मलाच समजावत होते. आणि ते उत्तीर्ण झालेत. मूल म्हणून की शिक्षक म्हणून, ते त्यांच्या कागदावर लिहिलेलं नाही.

तरी खालील गोष्टींचा तुझ्या खात्याने खुलासा करावा : बंद पडलेल्या संस्थेची पदविका धारकाच्या हयातीतच मरते का, सहासष्ट वर्षांच्या इसमाला मूल ठरवण्याचा अधिकार कुणाचा, आणि चव्वेचाळीस वर्षांत मी शिकवलेल्यांपैकी एकाला तरी विचारलं का.

तुझी,
मावशी

ता. क. तो शेवटचा प्रश्न खोडायचा राहिला. कुणाला विचारू नका.

ता. क. दोन. त्या वर्गात एक गोष्ट कामाची निघाली, तेवढी सांगते. तिसऱ्या दिवशी कळलं की वयाबरोबर माझा आवाज खाली उतरलाय, आणि मी स्वतःला झेपेल त्या पट्टीत मुलांना गायला लावतेय. सहा वर्षं! मी त्यांना आळशी म्हणत होते, आणि त्यांचा आवाज तिथवर खाली पोचतच नव्हता. परवाच्या शनिवारी गाणं दोन सूर वर घेतलं. ती शोध घेणारी मुलगी आहे ना, तिला सूर सापडला. तिचा नव्हता हरवला. हे तुझ्या फायलीत लावू नकोस.

ता. क. तीन. मुद्द्याचं आता. फेरपरीक्षा सोमवारी, सतरा मार्चला, दहा वाजता आहे. या खेपेला खरं मूल लागतं, सात-आठ वर्षांचं, मी कधीच न शिकवलेलं. इथल्या आळीतली निम्मी मुलं माझी आणि उरलेल्यांचे आईबाप माझे, ते पोरांना घरूनच घाबरवून पाठवतात. राहता राहिली तुझी मुंगी. तू तिला माझ्याकडे कधी गाण्याला पाठवलं नाहीस, आणि का ते मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे. तू आठ वर्षांची होतीस, तालमीत हसलीस म्हणून मी तुला बाहेर उभं केलं, आणि तुझी आई घ्यायला येईपर्यंत तू तिथेच होतीस. इतकी वर्षं तू समजत असशील की मावशीने शिक्षा मुद्दाम लांबवली. नाही गं. मी तुला विसरले होते. मुद्दाम केलं असतं तर बरं, असं मंगळवारपासून वाटतंय.

ता. क. चार. 'मुलाला आधी विचारावं' असं त्यांच्या पुस्तकात पान बारावर आहे. तेव्हा हुकूम म्हणून पाठवू नकोस, आणि तू तिच्यातर्फे हो म्हणू नकोस. गुरुवारी, तेरा मार्चला, दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवं, ते तुझं नको, तुझ्या खात्याचं तर नकोच नको. मुंगीचं, तिच्या अक्षरात. 'नाही' लिहिलं तरी चालेल. मी तिला एकच विचारेन, का, आणि ती सांगेल ते ऐकून घेईन.