आप्पांच्या सीटचा पट्टा

कुंडल,
४ डिसेंबर

प्रिय क्रांती,

फोनवर तू 'बरी आहे, जेवले, ठेवते' एवढ्यात उरकतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं रजिस्टरं लिहिली, पण लेकीला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नकोस. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतेय, पण स्टाफरूममध्ये उघडू नकोस. खोलीवर जा, चहा कर आणि मग निवांत वाच.

इकडचं सगळं ठीक आहे. ओढ्याकडच्या उसाला परवा तोड आली. यशराज सकाळी आठला कुपवाडला जातो, येतो तेव्हा कपड्यांना ऑइलचा वास. वर्कशॉप बरं चाललंय त्याचं. माझा गुडघा थंडीनं धरतो, त्याला इलाज नाही. आणि तुला पटायचं नाही, पण तुझी वहिनी अंकिता आता ती मोठी गाडी चालवते. गाडी दुरुस्त होऊन आली तरी दोन महिने शेडमध्ये तशीच उभी होती, वरचं कापडसुद्धा कुणी काढलं नव्हतं. एकदा मला सांगलीला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा तिनंच हिय्या केला. गाडी सुरू केली की पडद्यावर विचारतात ना, कोण चालवणार म्हणून, तिथं अजून तुझं नाव आहे. परवा अंकिता दार लावायला गेली तेव्हा मी हळूच तुझ्या नावावर बोट ठेवलं. सीट आपोआप पुढं सरकली, उंच झाली, आरसे वळले. माझी बुटकी पोरगी येऊन बसतेय असं वाटलं. अंकिता आली, तिनं बघितलं, माझा हात दाबला आणि सीट परत मागं घेतली. गुणाची आहे ती.

गाडी आली तो दिवस आठवतो का तुला? सगळी गल्ली गोळा झाली होती. चाकाखाली लिंबं ठेवली, मी आरतीचं ताट घेऊन पुढं गेले तर गाडी केकाटायलाच लागली. जवळ काही आलं की तिला सोसत नाही म्हणे. तुझे आप्पा तिला समजावत होते, 'आवं बाई, पूजा चाललीया, जरा दम धरा की.' तेव्हापासून पडद्यातून बोलणारी ती 'बाई' झाली. पडद्यावर गाडी वरून दिसायला लागली तेव्हा हे मान वर करून आभाळात बघत राहिले. सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, वर कोण टेहळणी करतंय ते शोधत होता. आणि ती गार होणारी सीट! यशराजनं गुपचूप बटण दाबलं आणि हे ताडकन उठून धोतर चाचपायला लागले. किती हसलो होतो आपण. तू तर रस्त्यातच बसलीस.

चंद्रामावशीचा फोन आठवतो? माझा फोन गाडीला जोडलेला, हे मला कुठं ठाऊक! तिनं आपली सुनेची गाऱ्हाणी सुरू केली, ती सगळ्या गाडीभर, आणि मागं अंकिता बसलेली. मी फोन कानाला दाबून धरतेय आणि आवाज चहूकडून येतोय. आप्पा म्हणाले, 'चंद्राबाई, तुमची सून बी ऐकती का बघा.' पलूसच्या पुढं ती बाई 'यू टर्न घ्या' म्हणून मागं लागली की हे चिडायचे, 'ह्या रस्त्यानं मी साळंला गेलोय, मला शिकवू नका.' माझ्याशी चाळीस वर्षांत बोलले नसतील तेवढं त्या बाईशी बोलले. मी तसं म्हटलं तर म्हणाले, 'ती उलट बोलत न्हाई.'

पण एका गोष्टीवरून त्यांचं आणि तिचं जमलंच नाही. पट्टा. त्यांच्या डाव्या खांद्याच्या हाडात फौजेतल्या अपघातानंतर लोखंडी पट्टी बसवलेली, आणि सीटचा पट्टा नेमका तिथंच यायचा. अर्ध्या तासात कातडी लाल व्हायची. काढला की टिंगटिंग सुरू, पडद्यावर तांबडा दिवा. एकदा पलूसच्या स्टँडवर गाडी थांबवायला लावून उतरले, 'मी येष्टीनं येतो, तुमी जावा' म्हणाले आणि खरंच येष्टीनं घरी आले. तुझं मात्र ऐकायचे. तू टॉवेलची घडी त्यांच्या खांद्यावर ठेवायचीस, वरून पट्टा ओढायचीस, आणि ते लहान पोरासारखे गप्प बसायचे. पण तू वाईला, महिन्यातून एकदा येणार. एरवी ते गाडीत बसेनात आणि त्यांना सोडून मी तरी कुठं जाणार? जन्मभर मी येष्टीच्या खिडकीतून वारा खाल्ला. दारात एवढी गाडी उभी असताना मला तुझ्या खोलीवर यायचं होतं, घाटावर पाय सोडून बसायचं होतं, माहेरी मिरवायचं होतं. हो, मिरवायचं होतं. खोटं कशाला बोलू.

आता तो दिवस. तुला आठवण काढलेली सोसत नाही हे मला कळतं, पण एवढं वाचच. आप्पांना साताऱ्याला डोळे दाखवायचे होते. यशराज बाइकवरून कुपवाडला गेला, तू सुट्टी काढून आली होतीस. सकाळचे आठ वाजले असतील, थंडी मरणाची, म्हणून मीच त्यांना गळ्यापासून मांडीपर्यंत शाल गुंडाळली होती. उंब्रजच्या पुढं ती उसाची ट्रॉली मधेच थांबली. तू ब्रेक लावलास, गाडीनंही आपला आपण लावला. तुझ्या खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ उठला तेवढाच. आप्पा मात्र पुढं फेकले गेले.

दवाखान्यात तू एकच सांगत होतीस. निघताना पडद्यावर बघितलं होतं, दिवा नव्हता, आवाज नव्हता, मला वाटलं शालीखाली पट्टा आहे. आणि यशराज सगळ्या भावकीसमोर ओरडला, 'एवढी मोठी गाडी खोटं बोलंल व्हय? तूच बघितलं नसशील!' त्याचाही बाप गेला होता, तो भानावर नव्हता. पण तू तिसऱ्या दिवशी म्हणायला लागलीस की आता मलाच नीट आठवत नाही. तेराव्याला म्हणालीस, मी बघितलंच नसणार. त्यानंतर तू उंबरठा ओलांडला नाहीस. तू स्कूटीही विकलीस हे मला अंकितानं गेल्या आठवड्यात सांगितलं. पाचवड फाट्यावरच्या शाळेत बढतीवर बोलावलं तर रोजचा प्रवास नको म्हणून तू नकार दिलास, हेही सांगितलं. ज्या पोरीला आप्पांनी तेराव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसवली, ती रस्ता ओलांडायला कुणाचं तरी बोट धरते म्हणे.

पोरी, तू बघितलं होतंस. दिवा नव्हताच. आवाजही आला नव्हता.

सांगलीला शाहनवाज आहे ना, ज्यानं सीटची कव्हरं शिवली, त्याच्याकडे मी गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेले होते. पट्ट्याच्या कुलपात नुसतंच अडकवायचं लोखंडी चिमट्यासारखं एक मिळतं, ते अडकवलं की गाडीला वाटतं पट्टा लावलाय. मला ते चंद्रामावशीच्या मुलाच्या गाडीत दिसलं होतं. शाहनवाज नको म्हणाला. 'काकू, बाई गप व्हईल, पण मग काकांना कोण सांगणार?' असंच म्हणाला. मी हट्ट केला. म्हातारा माणूस, हळू चालवतात पोरं, काय होतंय, म्हटलं. त्याच्याकडे जुन्या गाडीतलं एक पडलं होतं, ते त्यानं पैसे न घेता दिलं. आप्पा खूश झाले. यशराज आणि अंकिता ओरडतील म्हणून ते माझ्या पर्समध्ये असायचं, आप्पा पुढं बसणार असले की मी लावायची. त्या दिवशी तू चाकाची हवा बघत होतीस तेव्हा मी पाण्याची बाटली ठेवायच्या निमित्तानं वाकले आणि माझ्या हातानं ते अडकवलं. टॉवेल तू मागितलास तर मी म्हटलं, ठेवलाय खांद्यावर, शालीखाली आहे.

गाडी दुरुस्तीला नेली तेव्हा आतलं सामान काढायला मीच गेले. आधी ते काढलं, मग त्यांचा चष्मा. शाहनवाज बसायला आला होता दहाव्याच्या आधी. माझ्याकडे त्यानं एकदा बघितलं, मान खाली घातली आणि चहा न घेता गेला. त्याला सगळं कळलं होतं. त्याच दिवशी बोलायला हवं होतं मी. यशराज तुझ्यावर ओरडला तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं असतं तर आत्ता तू घरात असतीस. मला भीती वाटली गं. नवरा गेला, आता पोरं पण तोंड फिरवतील, ही भीती. म्हणून मी तुला जाऊ दिलं. आईनं असं करावं का? नाहीच करावं.

येत्या रविवारी आप्पांचं वर्षश्राद्ध आहे. सगळी भावकी येणार, त्या दिवशी दवाखान्यात होते ते सगळे. पान वाढायच्या आधी मी त्यांच्यासमोर हे सांगणार आहे, यशराजला आदल्या दिवशी. पण सगळ्यांत आधी ते तुला कळायला हवं होतं आणि माझ्याकडूनच, म्हणून हे पत्र. ये म्हणणार नाही. आलीस आणि माझ्या हातचं पाणी नको म्हणालीस तरी मी तुला काही बोलणार नाही. तो यशराज काय करेल तेही मला माहीत नाही. तू फक्त एवढं कर. वर्षभर माझा दोष तू उचललास, आता तो मला परत दे.

तू म्हणशील तर तुझीच,
आई