बाबांची घार

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू ओरडशील, तरी लिहिते. गॅलरीत पडलेलं घारीचं पिल्लू बाबांनी दोन महिने सांभाळून शिकारी पक्ष्यांच्या उपचार केंद्रात दिलं होतं ना, त्याला बघायला रविवारी आम्ही सगळे गेलो. आता त्याला सोडतील म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार. माझ्या लग्नातही एवढा थाट नव्हता, म्हणून मी चिडवलंसुद्धा.

तिथली माणसं तोंड झाकून, चकार शब्द न काढता पक्ष्यांना खायला घालतात. आपल्या बाबांनी मात्र घरी घड्याळं दुरुस्त करायच्या चिमट्याने एकेक घास भरवला, आणि आई गेल्यापासून जे आमच्याशी बोलले नाहीत ते सगळं त्या पिल्लाशी बोलले. परवा त्यांनी हाक मारली मात्र, घार जाळीशी धावत आली आणि चोच वासून तान्ह्यासारखी ओरडायला लागली. बाबा केवढे हरखले! मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, माणसाच्या हातून, माणसाचा आवाज ऐकत वाढली म्हणून ही माणसांनाच आपलं समजते, शिकार करणार नाही, हिला कधीच सोडता येणार नाही. बाबा तेव्हापासून ताटाला हात लावत नाहीत. काय करू रे? मला काही सुचत नाही.

रागाव, पण उत्तर धाड.
तुझी धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं वेडे, रडत बसू नकोस. केंद्रातून फोन आला, घार सोडली, असं बाबांना सांगून टाक. मीही त्यांना तसंच लिहितोय. खोटं तर खोटं, माणूस जेवेल तरी! रजा मिळाली की येतोच.

आहे तो लोभ वाढवत राहा.
दादा

२४ मार्च

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. घार सुटली असं धाकटीनेही सांगितलं, पण माझ्याकडे न बघता. तुम्हा दोघांना लहानपणापासून एक थाप धड मारता येत नाही.

मी केंद्रात फोन केला. आम्ही येऊन गेल्यावर घारीने चार दिवस काही खाल्लं नाही, जाळीला धडका मारून पिसं मोडून घेतली. माझा आवाज पुन्हा तिच्या कानी न पडला तर बरं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई फार अदबीने म्हणाल्या. तेव्हा आता जाणार नाही. मीच तिचं वाटोळं केलं रे, तेही लाड करून. धाकटीला बोल लावू नकोस. दोन घास जातात हल्ली.

ती अजून रोज सकाळी जाळीशी येऊन बसते म्हणे. मी का येत नाही, हे तिला कोण सांगणार?

माया आहेच, ती असू दे.
तुझे बाबा